मुलीची पहिली सौंदर्यस्पर्धा : नवख्या पालकांनी काय सांभाळावे

मुलगी सौंदर्यस्पर्धेत उतरायचे म्हणते तेव्हा घरात बहुधा दोनपैकी एक गोष्ट घडते : एक तर विषय तिथेच संपतो, नाहीतर उत्साहाच्या भरात नियमावली वाचण्याआधीच गाऊनची चौकशी सुरू होते. या दोहोंच्या मधला मार्ग जरा रुक्ष आहे, कारण त्यात कागद वाचणे, हिशेब मांडणे, प्रश्न विचारणे आणि पुष्कळदा गप्प बसणे एवढेच येते. पण पालकांचे काम तेच आहे. मंचावर चालणे, बोलणे आणि निकाल ऐकून घेणे हे मुलीचे काम. ते तिच्या हातून काढून घेऊ नये आणि कागदपत्रे, पैसा व सुरक्षितता यांचे ओझे तिच्यावर टाकू नये, एवढी वाटणी सुरुवातीलाच झाली तर पुढचे बरेच वाद टळतात.

आधी मुलीशी बोलणे

इच्छा नक्की कोणाची आहे, हे सर्वांत आधी पाहावे. "तुला यातून काय हवे आहे?" हा प्रश्न तिला चार-आठ दिवसांच्या अंतराने दोनदा विचारावा, पहिल्या वेळी मिळणारे उत्तर पुष्कळदा नुकत्याच पाहिलेल्या व्हिडिओंमधून आलेले असते. लोकांसमोर बोलण्याची भीती घालवायची आहे, मॉडेलिंगकडे वळायचे आहे, मैत्रीण भाग घेते आहे, किंवा नुसतीच हौस आहे, यांपैकी कोणतेही उत्तर चालण्यासारखे आहे. हौस हे कारण हलके मानण्याची गरज नाही. मात्र "मला सगळे कुरूप म्हणतात, त्यांना दाखवून द्यायचे आहे" असे काही तिच्या तोंडून आले, तर अर्ज बाजूला ठेवून आधी त्यावर बोलावे. स्पर्धेत एक सोडून बाकी सगळ्या हरतात, आणि आपल्या दिसण्याबद्दलचा निवाडा मागायलाच गेलेल्या मुलीला तो पराभव निराळाच लागतो.

अगदी लहान मुलींच्या स्पर्धांबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. सहा-सात वर्षांच्या मुलीला नटायला आवडते, पण गुण आणि क्रमांक यांचा अर्थ तिला कळत नाही. तिथे खरी स्पर्धा पालकांची चालते. फ्रान्सने 2014 मध्ये कायदा करून लहान मुलांच्या सौंदर्यस्पर्धांवर कडक निर्बंध घातले, ते उगाच नव्हे. किशोरवयीन मुलीच्या बाबतीत गोष्ट वेगळी असते. तिला स्वतः नाही म्हणता येते, आणि कोणत्याही टप्प्यावर तिने नाही म्हटले तर ते मान्य होईल, हे तिला स्पष्ट शब्दांत सांगून ठेवावे.

स्पर्धा निवडताना

सगळ्या स्पर्धा एका साच्याच्या नसतात. काहींमध्ये परीक्षकांबरोबरच्या मुलाखतीला मोठे वजन असते, काहींमध्ये नृत्य-गायनासारखी कलेची फेरी असते, तर काही निव्वळ रॅम्प आणि छायाचित्रांवर चालतात. कोणत्या फेरीला शंभरपैकी किती गुण आहेत, हे नियमावलीत लिहिलेले असावे. नसेल तर विचारावे, आणि विचारूनही धड उत्तर मिळत नसेल तर त्या स्पर्धेकडे पाठ फिरवावी. बोलण्यात हुशार असलेल्या मुलीला केवळ रॅम्पच्या स्पर्धेत घालण्यात तिचे नुकसान आहे.

नियमावली चालू वर्षाचीच वाचावी, कारण नियम बदलत राहतात आणि ऐकीव माहिती फार लवकर शिळी होते. 1951 मध्ये लंडनमध्ये सुरू झालेल्या मिस वर्ल्ड स्पर्धेची ओळखच मुळात पोहण्याच्या पोशाखामुळे झाली होती. त्याच स्पर्धेने ती फेरी बंद करत असल्याचे 2014 मध्ये जाहीर केले. 1921 पासून चालत आलेल्या मिस अमेरिका स्पर्धेनेही 2018 मध्ये तेच केले. मिस युनिव्हर्समध्ये 2023 पासून विवाहित स्त्रियांना व मातांना भाग घेता येऊ लागला आणि 2024 पासून वयाची वरची मर्यादाही उठली. तेव्हा वय, उंची, वैवाहिक स्थिती, पोशाख यांपैकी कशाबद्दलही "असेच असते" असे कोणी सांगितले तर छापील ओळ दाखवायला सांगावी.

संयोजकांची पारख करण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे गेल्या वर्षीच्या स्पर्धकांशी बोलणे, आणि त्यातही विजेतीशी नव्हे, तर ज्यांना काहीच मिळाले नाही अशा दोघी-तिघींशी. विजेती चांगलेच बोलणार. बाकीच्यांकडून कळते की तालमी वेळेवर झाल्या का, मुलींशी कर्मचारी कसे वागले, जाहीर केलेली बक्षिसे खरोखर दिली गेली का आणि शेवटच्या आठवड्यात अचानक कोणते जादा पैसे मागितले गेले. कोठेही अर्ज केलेला नसताना "तुमच्या मुलीची निवड झाली आहे, आजच्या आज शुल्क भरा" असा फोन किंवा संदेश आला, तर तो निवडीचा नसून पैशांसाठी आलेला आहे असे समजून सोडून द्यावा.

पैसा आणि करार

प्रवेशशुल्क ही खर्चाची फक्त सुरुवात असते. पोशाख, पादत्राणे, छायाचित्रे, प्रशिक्षण, प्रवास, मुक्काम, रंगभूषा आणि घरच्या माणसांची प्रेक्षक-तिकिटे धरली की आकडा बराच फुगतो. शिवाय स्मरणिकेतील जाहिरातीची पाने खपवण्याची अट, फोटोजेनिकसारख्या ऐच्छिक उपाधींचे वेगळे शुल्क आणि विकतच्या मतांवर ठरणारे लोकप्रियतेचे बक्षीस, हेही असते. शेवटच्या प्रकारापासून दूर राहणेच बरे. त्यात नातेवाइकांना खर्चात पाडण्यापलीकडे काही सिद्ध होत नाही. वरच्या मर्यादेचा एक आकडा आधीच कागदावर लिहावा, तो मुलीलाही सांगावा, आणि कर्ज काढून या वाटेला जाऊ नये. एकदा आकडा सांगून झाल्यावर मात्र "तुझ्यासाठी आम्ही एवढे पैसे घातले" हे वाक्य पुन्हा घरात उच्चारू नये. त्या वाक्यासकट मंचावर जाणारी मुलगी मोकळेपणाने हसू शकत नाही.

करार जिंकल्यानंतर वाचायचा नसतो. अर्जावर सही करतानाच त्यातील बऱ्याचशा अटी लागू होतात. विजेतेपदाची मुदत किती, त्या काळात किती कार्यक्रमांना हजर राहावे लागेल, त्या प्रवासाचा खर्च कोणाचा, छायाचित्रे कोठे आणि किती काळ वापरली जातील, दुसऱ्या स्पर्धेत किंवा जाहिरातीत काम करता येईल का, मिळकतीतून संयोजकांना वाटा द्यावा लागेल का, पुढच्या पातळीवरील स्पर्धेचे शुल्क बंधनकारक आहे का आणि माघार घेतल्यास काय परत मिळते, या प्रश्नांची उत्तरे त्या कागदात शोधावीत. व्यवस्थापनाचा हक्क किंवा मिळकतीचा वाटा असा उल्लेख दिसला तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नये. शाळा-महाविद्यालयाच्या परीक्षांच्या तारखाही याच वेळी समोर ठेवाव्यात. 1966 मध्ये मिस वर्ल्ड झालेल्या रीता फारिया या त्या वेळी वैद्यकशास्त्राच्या विद्यार्थिनी होत्या आणि विजेतेपदाचे वर्ष संपल्यावर त्या पुन्हा वैद्यकीय शिक्षणाकडेच वळल्या. शिक्षण बाजूला ठेवल्याशिवाय यात काही जमत नाही असे सांगणाऱ्या प्रशिक्षकाला हे उदाहरण ऐकवायला हरकत नाही.

अर्ज आणि मुलाखत

पालक सर्वाधिक पैसा पोशाखावर घालतात आणि सर्वांत कमी वेळ मुलाखतीला देतात. माझ्या मते हे नेमके उलट व्हायला हवे, कारण आई-वडिलांची मदत सर्वांत जास्त कामी येते ती इथेच, आणि ती फुकट असते.

अर्जातील माहिती मुलीनेच लिहावी. परीक्षकांच्या हातात तोच कागद असतो आणि त्यांचे प्रश्न त्यातूनच निघतात. आईने चांगले दिसते म्हणून छंदाच्या रकान्यात "वाचन" लिहिलेले असते. परीक्षक सहज विचारतात, "अरे वा, सध्या काय वाचते आहेस?" मुलगी क्षणभर थांबते, शाळेच्या पाठ्यपुस्तकातले एक नाव सांगते, परीक्षक मान डोलावून पुढचा प्रश्न विचारतात, "त्यात तुला काय आवडलं?" यानंतरची दोन मिनिटे सावरणे कोणत्याही प्रशिक्षणाला जमत नाही. त्याऐवजी तिने "सायकल दुरुस्त करणे" किंवा "धाकट्या भावाला गणित शिकवणे" असे खरेखुरे काही लिहिले असते, तर तिला बोलण्यासारखे पुष्कळ असते आणि परीक्षकांनाही ती लक्षात राहते.

सरावासाठी घरातली एक खुर्ची आणि फोनवरचे घड्याळ पुरते. पालकांनी परीक्षक व्हावे, एका वेळी पाच-सहा प्रश्न विचारावेत आणि प्रत्येक उत्तर अर्ध्या मिनिटाच्या आसपास संपावे असा प्रयत्न असावा. उत्तराची बांधणी सोपी ठेवावी : आधी आपले मत, मग त्याचे कारण, मग स्वतःच्या आयुष्यातले एखादे छोटे उदाहरण. उत्तर चालू असताना मध्ये बोलू नये, चेहऱ्यावर नापसंती दाखवू नये, आणि संपल्यावर एकच सूचना करावी. एका उत्तरावर सात चुका काढल्या तर पुढच्या उत्तरात ती त्या सातही टाळण्याच्या नादात विषयच विसरते. आठवड्यातून एखादेवेळी ध्वनिचित्रमुद्रण करून ते तिचे तिलाच पाहू द्यावे. शब्द चघळणे, केसांशी चाळा, वाक्याच्या शेवटी आवाज खाली जाणे हे तिला न सांगताच दिसते.

उत्तरे पाठ करून घेऊ नयेत. पाठ केलेले उत्तर नवख्या श्रोत्यालाही ओळखू येते, कारण प्रश्न थोडा वळवून विचारला तरी उत्तर तेच येते. विश्वशांतीची वाक्ये तर परीक्षकांनी इतक्या वेळा ऐकलेली असतात की ती न बोललेलीच बरी. त्याऐवजी रोजची बातमी वाचून जेवताना तिचे मत विचारण्याची सवय घरात लावावी आणि ते मत आपल्यापेक्षा वेगळे निघाले तर ते मोडून काढू नये. मंचावर ती आपले मत मांडायला जाणार आहे, आई-वडिलांचे नव्हे. एखादा विषय ठाऊक नसेल तर "याबद्दल मला पुरती माहिती नाही, पण जेवढे माहीत आहे त्यावरून मला असे वाटते" हे वाक्य बिनदिक्कत वापरता येते, हेही तिला सांगावे.

काही स्पर्धांत सामाजिक कामाबद्दल विचारतात. मिस वर्ल्डमध्ये तर 1972 पासून त्यासाठी स्वतंत्र उपक्रमच चालतो, आणि 2017 ची विजेती मानुषी छिल्लर हिचे काम मासिक पाळीतील स्वच्छतेबद्दल होते. स्पर्धेच्या आदल्या महिन्यात एखाद्या संस्थेत जाऊन फोटो काढून घेणे मात्र करू नये. वर्षभर दर आठवड्याला तासभर केलेले साधे काम मुलाखतीत अधिक टिकते, कारण त्यातल्या अडचणी तिला सांगता येतात.

पोशाख, टाचा आणि रंगभूषा

पोशाख पहिल्या स्पर्धेसाठी भाड्याने किंवा वापरलेला घ्यावा. परीक्षकांना तो नवा आहे की जुना हे कळत नाही, अंगावर नीट बसला आहे की नाही हे मात्र लगेच कळते. तेव्हा पैसा कापडापेक्षा शिंप्याच्या फिटिंगवर घालावा. पोशाख घालून मुलीने बसून पाहावे, दोन्ही हात वर करावेत, जिना चढून उतरावा. फोनचा फ्लॅश लावून फोटो काढावा, कारण घरातल्या उजेडात दाट वाटणारे कापड मंचावरच्या प्रखर प्रकाशात पारदर्शक दिसू शकते. पोशाखाची लांबी त्याच दिवशीच्या चपलांवर मापावी. वयाला न शोभणारा किंवा तिला स्वतःला अवघडल्यासारखे वाटणारा पोशाख कोणी कितीही आग्रह केला तरी नाकारावा.

उंच टाचांचा सराव काही आठवडे आधी, कमी उंचीपासून सुरू करावा. रोज थोडा वेळ, घट्ट जमिनीवर, मग गालिच्यावर आणि पायऱ्यांवर चालावे. नवे बूट स्पर्धेच्या दिवशी प्रथमच घालणे म्हणजे पायाला फोड आणून घेणे. घोटा किंवा गुडघा दुखत असेल तर सराव तेथेच थांबवावा. रंगभूषेची कोणतीही नवी वस्तू, विशेषतः खोट्या पापण्यांचा गोंद, निदान दोन दिवस आधी हाताच्या आतल्या बाजूला थोडीशी लावून पाहावी. मस्कारा आणि डोळ्यांचे ब्रश कोणाशीही वाटून घेऊ नयेत. डोळ्यांचा संसर्ग असाच पसरतो.

शरीर आणि खाणे

या विषयात पालकांनी तडजोड करू नये. स्पर्धेसाठी वजन उतरवण्याचे उद्दिष्ट वाढत्या वयाच्या मुलीला देऊ नये, आणि प्रशिक्षकाने दिले तर प्रशिक्षक बदलावा. जेवण टाळणे, एखादा अन्नप्रकारच पूर्ण बंद करणे, जेवल्याबरोबर स्वच्छतागृहात जाणे, दिवसातून अनेकदा वजन करणे, थकवा असूनही व्यायाम न सोडणे, पाळी अनियमित होणे किंवा थांबणे, ही लक्षणे दिसली तर स्पर्धा बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे. खाण्याशी निगडित असे मानसिक आजार वजन फारसे कमी न होताही जडू शकतात, म्हणून ती बारीक दिसत नाही एवढ्यावर निर्धास्त राहू नये.

घरातली भाषाही तपासावी. "चेहरा जरा भरलाय", "या गाऊनमध्ये पोट दिसतं", "ती दुसरी मुलगी बघ किती सडपातळ आहे" ही वाक्ये काळजीपोटी येतात, पण मुलीच्या मनात ती परीक्षकांच्या गुणांपेक्षा जास्त काळ राहतात. आईने आरशासमोर स्वतःच्या शरीराबद्दल काढलेले उद्गारही त्यातच धरावेत. कौतुक करायचे असेल तर तिने केलेल्या गोष्टीचे करावे : आवाज आज मोकळा होता, वळण घेताना घाई झाली नाही, प्रश्न नीट ऐकून मग उत्तर दिले.

सुरक्षितता

मुलगी अल्पवयीन असेल तर छायाचित्रण, पोशाखाची मापे, मुलाखतीची तयारी यांपैकी कशासाठीही तिला एकट्या प्रौढ व्यक्तीसोबत बंद खोलीत सोडू नये. कपडे बदलण्याच्या खोलीत कोणाला प्रवेश आहे आणि तेथे फोन वापरण्यास मनाई आहे का, हे संयोजकांना आधी विचारावे. मुक्कामाची स्पर्धा असेल तर मुलींसोबत रात्री कोण असते, त्यांची नावे आणि फोन क्रमांक लेखी घ्यावेत. मुलीशी होणारा संयोजकांचा सगळा संदेशव्यवहार पालक ज्यात आहेत अशा गटात किंवा ई-मेलवर व्हावा. "हे घरी सांगू नकोस" असे म्हणणारा माणूस कोणत्याही पदावर असला तरी त्याची गोष्ट घरी लगेच सांगायची, हे तिला पक्के ठाऊक असले पाहिजे, आणि सांगितल्यावर आपण ओरडणार नाही याची खात्रीही तिला असली पाहिजे.

समाजमाध्यमांवर तिचे छायाचित्र टाकताना शाळेचे नाव, गणवेश, घराचा परिसर दिसू देऊ नये. प्रतिक्रिया पालकांनी आधी पाहाव्यात. घाणेरड्या असतील त्या पुरावा म्हणून टिपून ठेवून मग काढाव्यात आणि त्या लिहिणाऱ्याला रोखावे. त्यांना उत्तरे देत बसू नये.

स्पर्धेचा दिवस

एक पिशवी आदल्या रात्रीच भरावी : सुई-दोरा, सेफ्टी पिना, कपड्याला लावायची दुहेरी चिकटपट्टी, केसांच्या पिना, जखमेच्या पट्ट्या, ओले रुमाल, सॅनिटरी पॅड, चार्जर, पाणी आणि कपड्यांवर डाग न पाडणारे खाणे. क्रमांकाचा बिल्ला लावण्याची जागाही ठरवून ठेवावी, नाहीतर तो ऐन वेळी महागड्या कापडाला भोक पाडतो. कलेच्या फेरीचे संगीत दोन वेगळ्या ठिकाणी साठवून न्यावे.

प्रेक्षागृहात बसल्यावर पालकांचे काम जवळजवळ संपलेले असते. खुणा करून हसायला सांगणे, हाताने मान वर करायला सुचवणे टाळावे. तिची नजर परीक्षकांवरून सरकून पहिल्या रांगेतल्या आईकडे जाते आणि ते सगळ्यांना दिसते. शेजारच्या पालकांशी इतर मुलींबद्दल बोलू नये. विंगेमागची बातमी दहा मिनिटांत सगळीकडे पोचते, आणि त्याचा त्रास मुलींना होतो.

निकाल कसा ऐकायचा याचाही सराव घरी करून घ्यावा. दुसरीचे नाव पुकारले गेल्यावर टाळ्या वाजवणे, जवळ जाऊन अभिनंदन करणे आणि मग शांतपणे मंचावरून उतरणे या कृती एकदा अंगवळणी पडल्या की डोळ्यांत पाणी असतानाही जमतात. 2015 च्या मिस युनिव्हर्स स्पर्धेत निवेदकाने चुकून कोलंबियाच्या स्पर्धकाचे नाव विजेती म्हणून वाचले आणि काही मिनिटांत मुकुट फिलिपिन्सच्या स्पर्धकाकडे गेला. इतक्या मोठ्या मंचावरही असे होऊ शकते. गुणांबद्दल खरोखर शंका असेल तर मुदत पाहून दुसऱ्या दिवशी लेखी विचारणा करावी. त्याच रात्री परीक्षकांना गाठू नये आणि हे काम मुलीच्या देखत तर मुळीच करू नये.

परतीच्या वाटेवर ती बोलली तर ऐकावे, नाही बोलली तर गाडीत शांतता असू द्यावी. "परीक्षकांनी अन्याय केला" असे म्हणणे त्या क्षणी सांत्वनासारखे वाटते, पण त्यातून पुढच्या प्रत्येक अपयशाचे कारण तिला बाहेर शोधायची सवय लागते. जिंकली असेल तरी त्या रात्री पुढच्या स्पर्धेचे नाव काढू नये.

काही दिवसांनी, ती स्वतः विषय काढील तेव्हा, परीक्षकांचे गुणपत्रक किंवा शेरे मिळत असतील तर ते एकत्र बसून वाचावेत. सुधारता येण्याजोगे काय आहे आणि एखाद्या परीक्षकाची निव्वळ आवड-नावड कोणती, हे तिला वेगळे करू द्यावे. एखाद्या फेरीत सगळ्याच परीक्षकांनी कमी गुण दिले असतील तर त्यावर काम करता येईल. एकानेच दिले असतील तर सोडून द्यावे. खर्चाच्या वहीत प्रत्यक्ष आकडा भरून तो ठरवलेल्या मर्यादेशी ताडून पाहावा. पुन्हा भाग घ्यायचा की नाही हे तिने ठरवावे, आणि नाही असे ठरले तर भाड्याचा पोशाख मुदतीत परत करून, विकत घेतलेला पुढच्या हंगामाआधी विकून टाकावा. कपाटात राहिला तर त्याची फॅशन जाते आणि किंमतही उतरते.